हातानं चालणाऱ्या रायफलीला जेव्हा दट्ट्या बसवला

‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटलं की प्रकाशा-शहाद्यापासून मुंबईपर्यंत कुणालाही पोलिसाच्या खांद्यावरची लाकडी दस्त्याची लांब रायफल आठवते. तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, हातानं चालतो. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. एवढं केल्यावर पुढची गोळी. हीच रायफल दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत आपोआप चालवायला लावण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यातला सर्वांत जिद्दीचा प्रयत्न न्यूझीलंडमधल्या हेस्टिंग्ज गावात झाला.

१९४१ साल. ब्रेन आणि लुईस मशीनगन मिळणं मुश्कील झालेलं, आणि जपान युद्धात उतरल्यावर तर किनाऱ्याची चिंता घराघरात पोचलेली. लष्कराच्या गोदामात थ्री-नॉट-थ्रीच्याच घराण्यातल्या जुन्या, बोअर युद्धाच्या काळातल्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफील्ड रायफली पडून होत्या. हेस्टिंग्जच्या फिलिप चार्लटन यांनी त्याच हाती घेतल्या.

त्यांची युक्ती अशी. गोळी नळीतून जात असताना तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग एका भोकातून वळवायचा. तो वायू दट्ट्याला मागे लोटतो, दट्ट्या एका सरकत्या पट्टीला ओढतो आणि पट्टीतली तिरकी खाच बोल्टला आधी फिरवते, मग मागे खेचते. पुढे आणायला स्प्रिंग. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी कसोटी वेळेची आहे. गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरण्याआधी बोल्ट सुटला, तर काडतुसाचं कवच फाटून बंदूकवाल्याच्या तोंडावरच स्फोट होऊ शकतो. त्यात .३०३ काडतुसाच्या बुडाला कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली की सगळं ठप्प. माणसाच्या हाताला अडथळा लगेच जाणवतो आणि तो थांबतो. यंत्राला ते कळत नाही.

चार्लटन रायफलीला पुढे मूठ, दोन पायांचा आधार आणि नळी थंड ठेवायला पंख आले. चार किलोच्या आसपासची बंदूक सात किलोंच्या वर गेली. एरवी एकेक गोळी झाडायची आणि आणीबाणीतच सलग मारा करायचा, असा बेत होता. सुमारे दीड हजार तयार झाल्या. युद्धानंतर पामर्स्टन नॉर्थच्या गोदामाला आग लागून बहुतेक नष्ट झाल्या. आज मोजक्याच उरल्या आहेत, त्यातली एक लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये.

अमेरिकेच्या पेडरसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला वेगळा मार्ग धरला होता. अमेरिकी रायफलीचा मूळ बोल्ट काढून त्याच्या जागी एक छोटं यंत्र सरकवायचं, की त्याच रायफलीतून पिस्तुलासारख्या हलक्या गोळ्या झराझर सुटणार. ती यंत्रं हजारोंनी बनली, युद्ध संपलं आणि १९३१ च्या सुमारास जवळजवळ सगळी नष्ट करण्यात आली. मला चार्लटन यांचं काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांनी काडतूस दुबळं केलं नाही. जुन्या पोलादाकडूनच पुरती ताकद मागितली. तरी अमेरिकेनं १९३६ मध्ये स्वीकारलेली गॅरँड रायफल पहिल्यापासूनच अर्धस्वयंचलित म्हणून आखलेली होती, आणि पुढचा रस्ता तोच ठरला.

भारतानंही तेच केलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यानं जुन्या ली-एनफील्डच्या घडणीवर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, पण बोल्ट हातानंच चालणारा ठेवला. अर्धस्वयंचलित हवी होती, त्यासाठी एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, स्वतंत्र बनवली. खानदेशातल्या वरणगावचा आयुध कारखाना त्याच मापाची काडतुसं बनवत आला आहे.

पोलिसांकडे मात्र .३०३ टिकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर तिच्यासमोर दहशतवाद्यांची एके-४७ होती. दर गोळीमागे दांडी उचलावी लागणाऱ्या पोलिसांना त्या रात्री थ्री-नॉट-थ्रीनिशीच उभं राहावं लागलं.