साठी, बुद्धी आणि फ्रिजचा आवाज

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने पाडली, त्याला एकतर सासरेबुवांवर राग काढायचा असणार, नाहीतर यमक जुळलं म्हणून त्याला राहवलं नसणार. हिशेब काही जुळत नाही. 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभरांत साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या ९३ जणांना तो नाही; चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं हे खातं निराळं. अर्थात शंभरात सात म्हटलं तरी देशभरात ती सुमारे ८८ लाख माणसं होतात.

आणि जिच्यामुळे अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) हे नाव वैद्यकात आलं, ती बाई साठीची नव्हतीच. ऑगुस्ट डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात त्यांना प्रथिनांच्या गुठळ्या नि पेशींतला गुंता दिसला.

८७० ग्रॅमची हुशारी

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी जोगिणींचा (नन्सचा) अभ्यास सुरू केला. ६७८ जणी तयार झाल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला द्यायचा, असा करार. जोगिणीच का? तर सगळ्यांचं जेवण एक, दिनक्रम एक, व्यसन नाही आणि सासुरवासही नाही.

त्यातल्या सिस्टर मेरी ८४ व्या वर्षापर्यंत शिकवत होत्या. १०१ व्या वर्षी गेल्या, तोवर परीक्षेत उत्तम गुण. मग मेंदू तपासला. वजन अवघं ८७० ग्रॅम (एरवी ते सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान असतं), आणि आत अल्झायमरच्या गुठळ्या नि गुंते भरपूर. मेंदूत आजार होता, बाईंच्या वागण्यात त्याचा मागमूस नव्हता! संशोधक याला 'कॉग्निटिव्ह रिझर्व्ह' म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे: गंगाजळी. आयुष्यभर भर घातलेली असली की खर्च वाढला तरी दिवाळं लगेच निघत नाही.

याच जोगिणींनी ऐन विशीत, मठात प्रवेश घेताना आपापली छोटी आत्मचरित्रं लिहिली होती. ती जुन्या कागदपत्रांत सापडली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांना म्हातारपणी अल्झायमर कमी आढळला. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात दहा ओळींत गाय उरकणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे फार मनाला लावून घेऊ नये.

दोन भाषा पुरे

गंगाजळीत भर कशाने पडते? हैदराबादच्या निम्स संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला, म्हणजे हे पाटी-पुस्तकाचं पुण्य नव्हे. मात्र तिसऱ्या-चौथ्या भाषेचा जादा लाभ आढळला नाही. तेव्हा घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड असं जगणाऱ्या सोलापूरकरांनी तिसरी भाषा हौसेखातर बोलावी.

टॅक्सीवाला आणि बसवाला

लंडनचा टॅक्सी-परवाना मिळवायचा तर सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ हवेत. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांचा हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या कप्प्याचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. त्याबद्दल त्यांना २००३ चं 'इग नोबेल' मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४४३ व्यवसायांच्या मृत्युनोंदी चाळल्या गेल्या. अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत कमी होतं टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालकांत. बसचालक नि वैमानिकांत तसं दिसलं नाही. कदाचित ठरलेल्या मार्गावरून जाताना डोक्याला वाट शोधावी लागत नाही म्हणून. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण मोबाइलवरच्या बाईंना अधूनमधून गप्प बसवायला काय हरकत आहे!

नागिणीचा उतारा

सगळ्यांत अजब गोष्ट वेल्समधली. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. अट अशी की जन्म २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतरचा हवा. त्याआधी जन्मलेल्यांना ती कधीच नाही. म्हणजे आठवडाभराच्या फरकाने जन्मलेल्या, बाकी सगळ्या बाबतींत सारख्या अशा दोन गटांत एक लसवाला, एक बिनलसेचा. संशोधकांना आयता प्रयोगच मिळाला. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शिया सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला, आणि फायदा बायकांना जास्त. ती लस जुन्या पद्धतीची होती. आपल्याकडे हल्ली मिळते ती वेगळी. घ्यावी की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

याउलट जे बाटलीत भरून विकलं जातं त्याची कथा केविलवाणी. जिंको बिलोबाच्या गोळ्या तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या. २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया टाळण्यात शून्य उपयोग. बदाम भिजत घाला हवं तर. निदान चवीला चांगले लागतात.

'लॅन्सेट'च्या समितीने २०२४ मध्ये चौदा धोके मोजले आणि ते सगळे आवरले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज मांडला. रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, वजन, बैठेपणा, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, अपुरं शिक्षण, अधू नजर, डोक्याला मार. (पुणेकरांनी हेल्मेटविरोधी मोर्चा काढण्याआधी शेवटचा मुद्दा पुन्हा वाचावा.) यातले बरेच चाळिशी-पन्नाशीतच कामाला लागतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. विसरायला लागलेल्या माणसाला 'वय झालं आता' म्हणून घरी बसवू नका. बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, या सगळ्यांनी माणूस विसरभोळा होतो आणि उपचारांनी बरेचदा सुधारतो. बी-१२ मुख्यतः मांसाहार आणि दूधदुभत्यातून येतं, तेव्हा शाकाहारी घरांनी तर तपासणी आधी करावी.

तुम्ही मोजत असाल तर वर तेराच धोके झाले. चौदावा मुद्दाम मागे ठेवला: कान. कमी ऐकू येणं हा त्या यादीतल्या सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं तोडतो, कट्ट्यावर जाणं सोडतो आणि मेंदूचा खुराक आटतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत (२०२३) ७० ते ८४ वयाच्या सरसकट सगळ्यांना कानाच्या मशीनचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

आमच्या ओळखीतले एक आजोबा पाच वर्षं अडून बसले होते. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." शेवटी नातीने हट्टाने मशीन लावलं. आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "हा फ्रिज रोज एवढा आवाज करतो?"