चारोटीच्या पुलावरचे पाच सेकंद

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज आदळली. मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. पुढे काही दिवसांनी मोटार बनवणाऱ्या कंपनीने पालघर पोलिसांना प्राथमिक अहवाल दिला. आदळण्याच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला, तेव्हा गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता. प्रत्यक्ष आदळताना तो ८९ होता. हे कोणी डोळ्यांनी पाहून मोजलेले नव्हते. गाडीने स्वतःच ते टिपून ठेवले होते.

त्याच महामार्गावरून आणि त्याला मिळणाऱ्या चिल्हार फाटा–बोईसर, मनोर–पालघर या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला असा अहवाल येत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेत शेवटच्या काही सेकंदांची नोंद होत असते, पण ती वाचण्याची साधने नाक्यावरच्या गॅरेजात नसतात आणि गाडीचा नुसता बंपर चेपला म्हणून ती कोणी मागवतही नाही. मग उरतात दोन माणसांची दोन तोंडे. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याची माणसे जास्त, त्याचे खरे ठरते. बनावट अपघात घडवणाऱ्याला नेमकी हीच जागा हवी असते.

त्याचा डाव साधा असतो. संध्याकाळी तारापूर एमआयडीसीची पाळी सुटली आहे, रस्ता भरलेला आहे, गाड्या ताशी ४० च्या वेगाने एकामागोमाग चालल्या आहेत. तुमच्या पुढे कोणी तरी कट मारून घुसतो आणि समोर काहीही नसताना करकचून ब्रेक मारतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही दीडएक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते, आणि अजून ब्रेक लागायचाच असतो. बोईसरच्या रस्त्यावर सतरा मीटर जागा मोकळी ठेवा, तिच्यात दोन रिक्षा शिरतील. म्हणजे ब्रेक मारणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो. धडक मागून बसली की चूक मागच्याचीच, हा लोकांचा समजही त्याच्या बाजूने असतो. मग गर्दी जमते आणि मांडवलीची भाषा सुरू होते: दहा हजार द्या, नाहीतर केस करतो.

ब्रिटनमध्ये याचा आणखी एक प्रकार आढळतो. समोरचा हेडलाइट चमकवून ‘या, तुम्ही आधी जा’ असे सुचवतो आणि तुम्ही पुढे सरकलात की येऊन धडकतो. आपल्याकडे तो चालायचा नाही, कारण आपल्या रस्त्यावर अप्पर-डिप्परचा अर्थ ‘थांब, मी येतोय’ असा उलटा आहे.

रस्त्यावरची वसुली ही या फसवणुकीची सगळ्यात लहान पायरी. खरा पैसा दाव्यांत आहे. उत्तर प्रदेशात मोटार अपघात न्यायाधिकरणांपुढे खोटे दावे दाखल होत असल्याचे उघड झाल्यावर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावले. हजाराहून अधिक संशयास्पद प्रकरणे त्या पथकापुढे आली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरून वकिलांच्या परिषदेला फैलावर घेतले, कारण काही वकिलांचाच त्यात हात असल्याचे दिसत होते.

अशा खोट्याला उत्तर म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेमागे बसवलेला, समोरचा रस्ता सतत टिपणारा कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम. रशियात हा कॅमेरा घरोघरी पोचला तो अशाच भामट्यांच्या भीतीने. त्याचे एक अनपेक्षित फळ विज्ञानाला मिळाले. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे वीस मीटर व्यासाची उल्का फुटली, आणि ती शेकडो गाड्यांच्या कॅमेऱ्यांत उतरली. वेगवेगळ्या ठिकाणांवरून घेतलेल्या त्या चित्रांतल्या सावल्या आणि कोन मोजून संशोधकांनी उल्केचा वेग, सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर, आणि तिची सूर्याभोवतीची कक्षाही काढली. अपघाताचा तपासही याच तत्त्वावर चालतो. चित्रात दिसणाऱ्या दोन खांबांमधले अंतर जागेवर टेपने मोजायचे, ते ओलांडायला गाडीला किती चौकटी (फ्रेम) लागल्या ते मोजायचे, की वेग हातात येतो. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताशी ६० ने जाणारी गाडी एका चौकटीत सुमारे ५५ सेंटिमीटर सरकते.

पण कॅमेऱ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. दुकानदार ‘फुल एचडी, १४० अंश’ असे कौतुकाने सांगतो. गणित करून बघा. चित्राच्या रुंदीतले १९२० ठिपके १४० अंशांत वाटले की एका अंशाला चौदाच्या आसपास येतात. मोटारीची लांब नंबर प्लेट अर्धा मीटर रुंद असते. दहा मीटरवरून ती जेमतेम तीन अंशांत मावते, म्हणजे चाळीस ठिपके आणि त्यात दहा अक्षरे. चार ठिपक्यांत ‘एमएच ४८’ वाचता येत नाही. चार मीटरवर आली तरच अक्षर ओळखू येते. रात्री तर कॅमेरा जास्त वेळ प्रकाश गोळा करतो आणि तेवढ्यात पळती प्लेट पुसट रेघ होऊन जाते. म्हणून नंबर मोठ्याने वाचून दाखवा. आवाजाची नोंद चालू असेल तर तुमचेच शब्द त्या क्षणाची वही ठरतात.

कॅमेऱ्याच्या आतला आणखी एक भाग समजून घ्यायला हवा, कारण आपल्या रस्त्यांवर तोच सर्वाधिक दगा देतो. कार्ड भरले की कॅमेरा सर्वांत जुन्या फायलीवर नवी लिहितो. साधारण प्रतीच्या चित्रणाला तासाला सहा-सात जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात नऊ-दहा तासच मावतात. रोज तासभर पालघर–बोईसर करणाऱ्याला आठवडा मिळतो. तारापूरहून न्हावा शेवाला जाणाऱ्या टँकरवाल्याचा सकाळचा पुरावा रात्रीपर्यंत पुसला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणून धक्का ओळखणारा सेन्सर असतो. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडी हिसकली की तो मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते आणि कॅमेरा ती फाइल कुलूपबंद करतो. सेन्सर फार हळवा ठेवला तर पावसाळ्यातला प्रत्येक खड्डा अपघात ठरतो आणि कुलूपबंद फायलींनी कार्ड भरून जाते. बधिर ठेवला तर बनावट अपघातातली हलकी टक्कर त्याला जाणवतच नाही. आरशाला हात लावून रस्त्यावर लोळण घेणाऱ्या माणसाचा तर गाडीला धक्काच बसत नाही. म्हणून फाइल जपून ठेवण्याचे बटण कुठे आहे, ते अंधारात बोटांना सापडले पाहिजे.

बॅटरीचेही तसेच. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काचेजवळचे तापमान साठ अंशांच्या वर जाते आणि लिथियमची बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा अशा उन्हात जास्त टिकतो. धडकेत वायर तुटली तर शेवटची फाइल लिहून पुरी करण्याइतकी वीज तो साठवून ठेवतो, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी शेवटचीच फाइल.

फाइल मिळाली की बहुतेक जण पहिली चूक करतात: ती व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे चित्रण दाबून लहान केले जाते आणि ती मूळ फाइल राहत नाही. कायदा याबाबत काटेकोर आहे आणि त्यातला महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला नव्हता, हे दाखवण्यासाठी पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूने निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा आधार घेतला गेला. त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचे ‘हॅश मूल्य’ही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल केवढीही मोठी असो, तिच्यातून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ निघते. एका चौकटीतला एक ठिपका बदला, ती ओळ पार वेगळी येते. तेव्हा कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यात काही लिहू नका, कॅमेऱ्यात दुसरे घाला. कॅमेऱ्याचे घड्याळ दर महिन्याला जुळवा. २०१६ ची तारीख दाखवणारे खरे चित्रणही संशयात सापडते. रस्त्यावर पैसे देऊ नका, ११२ ला फोन करा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. आणि चूक तुमची असेल तर कॅमेरा तेही सांगेल, हे आधीच मान्य करून तो बसवा.

मला या सगळ्यात सर्वाधिक टोचते ते वेगळेच. प्रत्येक खोट्या दाव्यामागे एक खरा जखमी अविश्वासात ढकलला जातो. मनोर, चारोटी, तलासरीच्या पट्ट्यात महामार्ग पायी ओलांडणारा आदिवासी मजूर किंवा पहाटे सायकलने पाळीला निघालेला कामगार ठोकला जातो आणि ठोकणारे वाहन पळून जाते. वाहन सापडलेच नाही तर घरच्यांना मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार एवढी ठरलेली आहे. वाहन सापडले तर न्यायाधिकरण त्या माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडे पाहून रक्कम ठरवते आणि ती कित्येक पट जास्त असू शकते. एवढा फरक एका नंबर प्लेटने पडतो, आणि ती प्लेट अनेकदा मागून येणाऱ्या एखाद्या अनोळखी गाडीच्या कॅमेऱ्यात असते.

म्हणून अपघाताच्या जागेवरून तुम्ही गेला असाल, तर घरी पोचल्यावर कार्ड काढून ठेवा आणि जवळच्या ठाण्याला कळवा. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. उशीर मात्र करू नका, उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा कॅमेरा त्या फायलीवर दुसरे काही लिहून मोकळा झालेला असू शकतो.