समुद्राच्या तळाशी श्वास कोंडतो तेव्हा

चांदवडच्या माणसाने समुद्रावर लिहावे, याचे कुणाला हसू आले तर ते साहजिक आहे. समुद्र इथून सरळ रेषेत जवळपास दीडशे किलोमीटर दूर, आणि तोही सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्याकडे पाण्याचा विषय निघतो तो विहिरीचा, टँकरचा, नाहीतर पाऊस कधी येणार याचा. रेणुकामातेच्या दर्शनाला किंवा होळकरांचा रंगमहाल पाहायला आलेले पाहुणे मला हमखास विचारतात, ‘‘इतकी वर्षे बोटीवर काढलीत आणि निवृत्तीनंतर राहायला आलात ते या कोरड्या गावात?’’ मी त्यांना गावामागचा डोंगर दाखवतो.

हा सातमाळ्याचा डोंगर म्हणजे पाण्याच्या वाटणीची हद्द. अरबी समुद्रावरून आलेला ढग इथे बरसला, की उत्तरेच्या उतारावरचे पाणी गिरणेला आणि गिरणेतून तापीला मिळते. ते परत अरबी समुद्रात जाते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी मात्र गोदावरीची वाट धरून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. एकाच ढगातले पाणी दोन समुद्रांत विभागले जाते, एवढे भूगोलाच्या पुस्तकात असते. पुढची गोष्ट तिथे नसते. बंगालच्या उपसागरात गोदावरी, कृष्णा, महानदी, गंगा यांनी ओतलेल्या गोड्या पाण्याचा काही अंश हिवाळ्यात किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि केरळावरून आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर चढतो. वाटेत तो खाऱ्या पाण्यात मिसळत जातो, पण खारेपणा मोजणाऱ्या उपकरणाला त्याची ओळख पटते. म्हणजे डोंगराच्या दोन्ही उतारांचे पाणी शेवटी एकमेकांना भेटू शकते.

समुद्राचे हे सगळे व्यवहार माणसाला कळले ते बाटलीत पाणी भरून. उपग्रह आता वरून पुष्कळ काही पाहतात, पण त्यांना दिसतो तो समुद्राचा पृष्ठभाग. पोटात काय चालले आहे ते पाहायचे, तर उपकरण पाण्यात उतरवावेच लागते.

बाटली-बाटलीने समुद्र

अरबी समुद्राच्या पोटात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत, प्राणवायू जवळजवळ नसलेले पाणी आहे. याचा पहिला पद्धतशीर पुरावा १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने केलेल्या जॉन मरे मोहिमेत मिळाला. मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल हे त्याआधी भारताच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६०च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. १९६५पर्यंत अनेक देशांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी हा महासागर मोजला. आपल्या नौदलाचे ‘किस्तना’ त्यांत होते. जाळ्यांतून आलेले सूक्ष्म जीव निवडून त्यांची वर्गवारी करण्यासाठी कोचीनला खास केंद्र निघाले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावल येथे आहे. पुढे १९७६ साली ‘गवेषणी’, १९८३ साली ‘सागर कन्या’, १९८४ साली ‘सागर संपदा’ आणि २०१४ साली ‘सिंधु साधना’ अशी जहाजे या कामाला मिळत गेली.

अशा जहाजावरचा दिवस कसा जातो? नकाशावर आधीच ठरवलेल्या ठिकाणी जहाज थांबते. याला आम्ही ‘स्टेशन’ म्हणत असू, मग भोवती क्षितिजापर्यंत पाण्याशिवाय काही नसले तरी! पोलादी दोराला लावलेली एक मोठी चौकट पाण्यात सोडतात. तिच्या कडेने राखाडी नळकांड्यांसारख्या बाटल्या गोल लावलेल्या असतात आणि मध्ये तापमान, खारेपणा व खोली सतत मोजणारे यंत्र असते. बाटल्या दोन्ही टोकांना उघड्या ठेवून खाली जातात. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटवली जाते. चौकट डेकवर आली, की पाणी घेणाऱ्यांची रांग लागते. रांगेत पहिला मान प्राणवायूवाल्याचा. बाटलीतल्या पाण्याला हवा लागली तर मोजमाप फसते, म्हणून रबरी नळीने, बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचे. माझी जागा बरीच वर्षे रांगेत पहिली होती.

त्यानंतर क्षार मोजणारे. नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट ही समुद्राची खते. नायट्रेट मोजताना पाणी कॅडमियमच्या नळीतून नेऊन त्याचे नायट्राइट करतात. मग रसायन घातले की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त. माती परीक्षणाचा कागद पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

शेवटी प्लवकांची जाळी. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव. त्यांतल्या वनस्पती सूर्यप्रकाशावर वाढतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे काम समुद्रातल्या या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती करतात. डायटम नावाच्या प्लवकांना तर सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच, कवच असते. त्यांना खाणारे प्राणीप्लवक दिवसा खोल अंधारात दडतात आणि रात्री चरायला वर येतात. त्यामुळे एकाच जागी दुपारी आणि मध्यरात्री टाकलेल्या जाळ्यात वेगवेगळा माल सापडतो. पेंगुळलेल्या डोळ्यांनी रात्री दोन वाजता जाळे ओढण्याचे कारण हेच.

वारा फिरला की प्रवाह फिरतो

आपल्या किनाऱ्याचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७च्या पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत केलेली मोजणी १९९० साली प्रसिद्ध झाली. त्या आणि त्यानंतरच्या कामांतून हे चित्र स्पष्ट होत गेले.

पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे असताना किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर चढते. हे आधी केरळच्या किनाऱ्याला घडते, मग उत्तरेकडे सरकत कर्नाटक, गोवा आणि दक्षिण कोकणापर्यंत येते. खालच्या पाण्यात खते भरपूर असतात. प्लवक फोफावतात, त्यांच्यावर तारली आणि बांगडा पोसतो. नारळी पौर्णिमेनंतर मचवे दर्यात लोटले जातात, तेव्हा समुद्राने अशी पेरणी आधीच केलेली असते.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात दुसरे पीक येते, आणि त्याचे नाते आमच्या नाशिक जिल्ह्याशी आहे. उत्तरेकडचे कोरडे, गार वारे सुटले की निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. असेच वारे समुद्रावरून वाहतात, तेव्हा वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली बसते. त्या घुसळणीत खालची खते वर येतात आणि प्लवकांना बहर येतो. डॉ. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजावरच्या मोजणीवरून ही यंत्रणा १९९६ साली ‘नेचर’मध्ये मांडली.

पांढरा साका

आता या संपन्नतेची दुसरी बाजू. प्लवक मरतात, तळाशी जातात आणि कुजतात. कुजायला प्राणवायू लागतो. खालून वर चढलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. त्यातच कोकणातला धो धो पाऊस आणि नद्या समुद्रावर गोड्या, उबदार पाण्याचा पाच-दहा मीटर जाडीचा थर पसरतात. हलके पाणी वर, जड पाणी खाली. दुधावर साय धरावी तसे वरचे पाणी खालच्या पाण्याला झाकून टाकते. हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही आणि जो असतो तो संपत जातो.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची आमची पद्धत हंगेरीच्या विंक्लर यांनी १८८८ साली शोधलेली. पाण्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. जितका प्राणवायू, तितका रंग गडद. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. खोल समुद्रात पांढरा साका पाहायची मला सवय होती. पण गोव्याच्या किनाऱ्याजवळ, जिथे पाण्याची खोली जेमतेम पंचवीस-तीस मीटर, तिथल्या तळाच्या बाटलीत सप्टेंबरअखेरीस तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा काही क्षण कुणी बोलले नाही. वर मात्र समुद्र स्वच्छ होता, ऊन पडले होते.

प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटवर जगू लागतात. त्याचे आधी नायट्राइट होते, मग वायू होऊन ते हवेत जाते. त्या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट प्रभावी. नायट्रेटही संपले, की सल्फेटची पाळी येते. मग तयार होतो तो सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. पळता येणारे मासे अशा पाण्यातून निघून जातात. तळाला चिकटलेल्या जिवांना ती सोय नसते.

डॉ. एस. डब्ल्यू. ए. नकवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिले, की पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात दरवर्षी असे कमी प्राणवायूचे पाणी सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर पसरते. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र झाले हे! १९९९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठला होता. वारे पडून प्रवाह उलटला, की समुद्र पुन्हा श्वास घेतो. पुढच्या पावसाळ्यात तेच चक्र.

दोष कुणाचा?

नकवींच्या लेखातला एक मुद्दा आमच्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्याला लागू होता. किनाऱ्याजवळची ही घुसमट वाढत असावी आणि तिला जमिनीवरून येणारे नायट्रेट हातभार लावत असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली. हे नायट्रेट येते खतांतून, सांडपाण्यातून आणि हवेतूनही. म्हणजे कांद्याला टाकलेल्या युरियाची एक गोण थेट समुद्राच्या तळाशी हिशेबाला उभी राहते की काय?

उत्तर सोपे नाही, आणि ते घाईने देणाऱ्यांपासून सावध राहावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळे बोट दाखवले. काही वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा तापते आणि पूर्व बाजू थंड होते. या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. अशा वर्षी आपल्या किनाऱ्याला प्राणवायूहीन पाणी फारसे वर चढत नाही, असे त्या अभ्यासात दिसले. म्हणजे एखाद्या वर्षी तळाशी प्राणवायू किती राहील, हे शेतातल्या खतापेक्षा हजारो किलोमीटर दूरच्या समुद्राच्या तापमानावरही ठरू शकते. निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे वेगळे करायचे तर एका वर्षाची मोजणी कुचकामी. पाच वर्षांचीही अपुरी.

म्हणूनच मला सर्वांत मोलाची वाटते ती गोव्यातल्या कांदोळीसमोरची मोजणी. किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर एकाच ठिकाणी जाऊन, त्याच पद्धतीने, तेच पाणी मोजायचे. १९९७पासून सुरू झालेले हे काम. त्यात ना साहस, ना नव्या शोधाचा गाजावाजा. पावसाळ्यात लहान बोटीला समुद्र जाऊ देत नाही, आणि नेमके तेच महिने महत्त्वाचे. अशा कामाला पैसे मागताना नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, ‘यातून नवीन काय निघणार?’ डॉक्टर रोज सकाळी रुग्णाचा ताप मोजतात तेव्हा हा प्रश्न आपण विचारत नाही. तापाचा तक्ता हरवला, तर मात्र औषध लागू पडले की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. समुद्राच्या तक्त्यात पडलेली खिंड नंतर कितीही पैसे ओतले तरी भरून निघत नाही. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचे पाणी यंदा कुठून आणणार?

या मोजणीत शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. पुरावा नसेल, तर उद्या सगळे खापर त्याच्यावर फुटेल किंवा तो पूर्ण निर्दोष ठरेल. दोन्ही गोष्टी खोट्या असतील. शिवाय युरियाचे नुकसान कळायला समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. पिकाने न उचललेले नत्र पावसाबरोबर झिरपते आणि नायट्रेट होऊन आधी आपल्याच विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांना त्याहून जास्त नायट्रेट घातक ठरू शकते. २०१५पासून युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्यामुळे त्याचे नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो. पण माती न तपासता, शेजाऱ्याने दोन गोण्या टाकल्या म्हणून आपण तीन टाकायच्या, ही रीत कोणत्याही आवरणाने सुधारत नाही.

गावातली शाळकरी मुले माझ्याकडे समुद्राच्या गोष्टी ऐकायला येतात. मी त्यांना विहिरीचे पाणी आणायला सांगतो. नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आता सहज मिळतात. दर महिन्याला, त्याच विहिरीचे, त्याच खोलीवरचे पाणी. तारीख, पाऊस आणि त्या महिन्यात शेजारच्या शेतात काय पेरले, ते वहीत लिहायचे. पोरे कंटाळतात, दोन गळतात, चार नवी येतात. वहीत आता तीन पावसाळे जमा झाले आहेत. पावसाळ्यानंतर पट्टी जास्त गुलाबी होते, एवढे त्यांनी मला न विचारता शोधून काढले. का होते, यावर सध्या त्यांच्यात वाद चालू आहे.