फिरणारी चकती आणि चुकलेली आज्ञा

१९९१ साल संपत आलं होतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाचा जेमतेम एकविशीतला विद्यार्थी आपल्या संगणकापुढं बसला होता. त्याला विद्यापीठातल्या संगणकाला फोन लावायचा होता. त्यासाठी मोडेम नावाची पेटी लागे. ती टेलिफोनच्या तारेतून दोन संगणकांचं बोलणं घडवून आणायची.

लिनसनं आज्ञा टाइप केली. पण मोडेमच्या नावाऐवजी चुकून हार्ड डिस्कचं नाव टाइप झालं! संगणक म्हणजे भलताच आज्ञाधारक प्राणी. त्यानं 'फोन लाव' हा निरोप मुकाट्यानं डिस्कवरच लिहून टाकला. डिस्कच्या ज्या भागात मिनिक्स ही प्रणाली होती, तो भागच निकामी झाला.

आता काय करायचं? मिनिक्स पुन्हा भरायची, की स्वतःच लिहीत असलेल्या नव्या, कच्च्या प्रणालीवर भिस्त ठेवायची? लिनसनं दुसरी वाट धरली. ती नवी प्रणाली म्हणजे लिनक्स! नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालत आले आहेत. शिवाय असंख्य सर्व्हर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना माहिती पुरवणारे संगणकही.

पण एका चुकीच्या आज्ञेनं एवढं नुकसान कसं होतं? त्यासाठी आधी डिस्कच्या पोटात डोकावू या.

चकतीच्या पोटात

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या गरागरा फिरत असतात. नेहमीच्या डिस्कमधली चकती मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०! तिच्यावरून एक दांडी आत-बाहेर सरकते आणि दांडीच्या टोकावरचा शीर्ष माहिती वाचतो.

आता गंमत पाहा. दांडी योग्य जागी सरकायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा फिरत शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी ४. झाले १२! म्हणजे इथं-तिथं विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला जेमतेम ऐंशीच हाती लागतात. सेकंदाला अब्जावधी ठोके मोजणारा प्रोसेसर तोवर माश्या मारत बसतो.

चकती नसलेल्या एसएसडी या सगळ्यापेक्षा पुष्कळच वेगवान असतात. पण ढीगभर माहिती स्वस्तात साठवायची, तर सर्व्हरमध्ये अजूनही फिरत्या चकत्याच वापरतात.

वेग वाढवायच्या युक्त्या

पहिली युक्ती लिफ्टमनची. कुणी दुसऱ्या मजल्यावर बोलावतो, कुणी नवव्या, कुणी तिसऱ्या. बोलावलं त्या क्रमानं लिफ्टमन धावला, तर दिवसभर वर-खालीच करत बसेल! म्हणून तो वर जाता जाता सगळ्यांना घेतो. लिनक्सही डिस्ककडे आलेली कामं अशीच क्रमानं लावू शकतं.

दुसरी युक्ती नोंदी कमी करण्याची. ग्रंथालयात पुस्तक नुसतं चाळलं तरी वहीत सही करायला लावली, तर? पूर्वी लिनक्स असंच करी. फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर लिहून ठेवी. २००९ पासून यातल्या बहुतेक नोंदी आपोआप टाळल्या जातात.

तिसरी युक्ती जुन्या डिस्कची. १९९० च्या दशकात कित्येक संगणकांत डिस्कवरची माहिती प्रोसेसर स्वतः उचलून आणायचा. हेडमास्तरांनीच वर्गावर्गात खडू वाटत फिरावं, तसं! मार्क लॉर्ड यांनी लिहिलेल्या 'एचडीपार्म' या प्रोग्रॅमला एक आज्ञा दिली, की हे हमालीचं काम वेगळ्या यंत्रणेकडे जाई आणि वेग कधी कधी तिप्पट-चौपट होई. आता लिनक्स हे आपणहून करतं.

पण इथंच खरी मेख आहे. यंत्राला न झेपणारा वेग लादला, तर माहितीच बिघडू शकायची. एचडीपार्मच्या माहितीपत्रकातही काही आज्ञांपुढं 'धोकादायक' असा स्पष्ट इशारा आहे. म्हणून जाणकार माणसं आधी वेग मोजतात, मग एकच बदल करतात आणि पुन्हा मोजतात. पाच बदल एकदम केले आणि काही बिघडलं, तर चोर कोण ते कसं कळणार?

आणि चूक झालीच तर?

फाइल पुसली म्हणजे काय होतं? पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं, तसं. धडा अजून पानांवर असतो. पण ती पानं आता 'कोरी' समजली जातात. तिथं नवं काही लिहिलं गेलं, की जुनं कायमचं गेलं. म्हणून पहिला नियम: घाबरून खटाटोप करू नका, हात थांबवा! मग जाणकार डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीवर शोधाशोध करतात. एसएसडीवर मात्र पुसलेलं बऱ्याचदा लगेच साफ होतं, तिथं आशा कमीच.

त्यापेक्षा आधीच दुसरी प्रत ठेवलेली बरी. पण तीही उघडून पाहायला हवी. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत होता. कुणीतरी चुकीच्या जागी पुसण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावरून वूडीची टोपी गेली, बूट गेले, बघता बघता बहुतेक चित्रपटच नाहीसा झाला! राखीव प्रत काढली, तर तीही धड नव्हती. प्रत काढायचं काम नीट होत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अखेर एक तंत्रज्ञ बाई मदतीला आल्या. बाळ लहान असल्यामुळं त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीत पट्ट्यानं बांधून कंपनीत आणला गेला आणि चित्रपट वाचला.

करून पाहा

१. एक मोठी फाइल आणि तेवढ्याच आकाराची शेकडो छोट्या फोटोंची फोल्डर, दोन्ही एकाच बाहेरच्या डिस्कवर उतरवा. घड्याळ लावून वेळ मोजा. फरक का पडला, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

२. आई-बाबांच्या मदतीनं घरातल्या महत्त्वाच्या फोटोंची दुसरी प्रत काढा. दर महिन्याला त्यातले चार फोटो उघडून बघा.

३. पुसण्याची आज्ञा देताना एंटर दाबण्याआधी ती ओळ एकदा मोठ्यानं वाचा.

चुकीनंतर लिनसनं आपल्या लिनक्सवरच भिस्त ठेवली आणि ते फळलं, हे खरं. पण चूक झाली म्हणजे दर वेळी असं नशीब उघडत नाही, बरं का! म्हणून आधी प्रत, मग प्रयोग.