घरातला दर्या

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि आपल्या उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. फारसीतला एकच शब्द दोन्ही भाषांत आला. एका भाषेत खारा झाला, दुसरीत गोडा. तेव्हा कोकणातला कोळी दर्यावर गेला असे मराठीत वाचलेत, तर तो नदीवर गेला असे समजू नका. आज तुम्हाला अशा एका दर्याची माहिती सांगायची आहे, की जो घराच्या दिवाणखान्यात मावतो.

माझे मामू रत्नागिरी जिल्ह्यातले. ते बरीच वर्षे कुवेतला नोकरीला होते. तेथे एका कुटुंबाच्या घरी काचेचे मोठे मत्स्यालय होते. त्यात समुद्राचे पाणी, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ होते. त्याची देखभाल करणे हेच मामूंचे काम होते. ते सुट्टीवर आले की आम्ही भाचरे त्यांना माशांविषयी प्रश्न विचारून भंडावून सोडत असू. मामू म्हणत, "अरे, मासे आपापले जगतात. मला पाणी सांभाळावं लागतं."

त्या वेळी हे बोलणे आम्हाला विचित्र वाटे. मग एकदा त्यांनी आम्हाला हिशेब करायला बसवले. तुम्हीही करून पाहा. मत्स्यालय २०० सेंटिमीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच. त्यात पाणी किती मावेल? ९८० लिटर. म्हणजे एका टनाच्या आसपास नुसते पाणीच! वर काच आणि दगड यांचे वजन वेगळे. म्हणून अशी पेटी घरात कोठेही ठेवून चालत नाही. खालची जमीन मजबूत आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

आता मिठाचे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या पेटीला ३४ ते ३५ किलो मीठ लागले. पण हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. ते सर्व योग्य प्रमाणात मिसळलेले खास मीठ विकत मिळते. तुम्ही म्हणाल, कुवेतला तर समुद्र दाराशी आहे, मग बादल्या भरून पाणी का आणू नये? याचे कारण असे, की इराणचे आखात उथळ आहे आणि तेथे ऊन फार. त्यामुळे त्याचे पाणी इतर समुद्रांपेक्षा जास्त खारट असते. शिवाय किनाऱ्याजवळच्या पाण्यात तेल आणि सांडपाणी मिसळलेले असण्याची भीती असते ती वेगळीच.

नळाचे पाणीही जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. पितळी नळातून तांब्याचा अंश उतरला, तर तोही घातक ठरतो. आपल्याकडे पिण्याचे पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवणे चांगले मानतात. पण तेच तांबे प्रवाळांना, कोळंबीला आणि शंखातल्या प्राण्यांना विष आहे. म्हणून आधी पाणी यंत्राने अगदी शुद्ध करायचे, मग त्यात मीठ विरघळवायचे.

आता एक प्रश्न विचारतो. उत्तर देण्याची घाई करू नका. पेटीतले १०० लिटर पाणी वाफ होऊन उडाले. त्याच्या जागी कोणते पाणी घालाल, खारे की गोडे?

वर्गात हा प्रश्न विचारला की निम्म्याहून अधिक मुले 'खारे' म्हणतात. पण वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ खालीच राहते. सोपा हिशेब म्हणून पेटीत १००० लिटर पाणी आणि ३५ किलो मीठ धरा. १०० लिटर पाणी उडाले, तर ते ३५ किलो मीठ ९०० लिटरमध्ये उरले. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. त्यात आणखी खारे पाणी ओतले तर मीठ वाढतच जाईल. म्हणून रोज उडेल तेवढे गोडे पाणीच घालायचे असते. खरा समुद्र हेच काम पावसाकडून आणि नद्यांकडून करून घेतो.

पेटीत पाणी भरले, दिवे लावले, म्हणजे मासे सोडता येतील का? नाही. कुवेतच्या त्या घरातल्या मुलांना धीर धरवला नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाच-सहा मासे आणून सोडले. ते सगळे मेले. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत होते!

दोष होता तो न दिसणाऱ्या गोष्टीचा. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी आहे. समुद्रात काही सूक्ष्म जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट बनवतात. तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. ते त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांविना पेटीकडे बघत बसायचे. या छंदात हेच सर्वांत अवघड आहे असे मला वाटते.

हे जीवाणू राहतात कोठे? मुख्यतः दगडांत. प्रवाळांपासून बनलेले सच्छिद्र दगड समुद्रातून आणले, तर त्यांच्याबरोबर हे जीवाणू आणि इतर बारीक जीव येतात. म्हणून त्यांना 'जिवंत खडक' म्हणतात. दगडाच्या आत खोलवर, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे आणखी एका प्रकारचे जीवाणू असतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. इंडोनेशियातील जकार्ता शहरात राहणाऱ्या ली चिन एंग या गृहस्थांनी ही युक्ती वापरली होती. त्यांच्या पेटीत जिवंत खडक, समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढेच होते. १९६१ साली त्यांनी ही पद्धत एका अमेरिकन मासिकातून जगाला सांगितली. ज्या काळी इतरांच्या पेट्यांत प्रवाळ टिकत नव्हते, त्या काळी त्यांच्याकडे ते जगत होते.

आता प्रवाळांकडे वळू. उर्दूत आपण त्यांना मर्जान किंवा मूंगा म्हणतो. मराठीत पोवळे असाही शब्द आहे. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मर्जानचा उल्लेख आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अंगठीतले पोवळे पाहून ते खडा आहे असे वाटते. प्रवाळाची फांदी पाहून ते झाड वाटते. प्रत्यक्षात ते प्राणी आहेत! बहुतेक जातींत एकेक प्राणी नखाएवढा किंवा त्याहूनही लहान. त्याला एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक बाहू. असे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःखाली चुनखडीचे घर बांधत जातात.

उथळ समुद्रातल्या अशा प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणून पेटीवर तेजस्वी दिवे लागतात. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बराचसा या पाहुण्याचाच असतो.

आणि घर बांधायला चुना हवा. तुम्ही विज्ञानाच्या तासाला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली असेल. निवळी दुधाळ होते. तो जो पांढरा पदार्थ तयार होतो, तो कॅल्शियम कार्बोनेट; प्रवाळाचे घरही त्याचेच. पाण्यातले कॅल्शियम प्रवाळ वापरून टाकतात, तेव्हा ते पुन्हा घालावे लागते. मामू रोज रात्री शुद्ध चुन्याची निवळी करून, उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब सोडत. एकदम ओतली तर पाण्याची आम्लता बिघडून सगळे जीव मरतील, असे ते सांगत. याशिवाय दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे, काचेवरचे शेवाळ खरवडणे, आणि तापमान व क्षार मोजून वहीत लिहिणे ही कामे असत. ती वही उर्दूत होती.

आपल्या देशात मात्र हा छंद मनाला येईल तसा करता येत नाही. खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते तोडणे किंवा विकणे गुन्हा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथे गेलात तर ते पाण्यातच पाहा. फिलिपाईन्समध्ये तर शोभेचे मासे पकडण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारण्याची रीत पडली होती. मासे गुंगत आणि हाती लागत, पण आसपासचे प्रवाळ मरत. दिवाणखान्यातल्या शोभेसाठी अशी किंमत मोजावी, हे मला तरी पटत नाही. विदूषक माशांसारख्या काही माशांची पैदास आता टाक्यांतच होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती करून दाखवली आहे.

आता मामूंच्या त्या एका रात्रीची हकिकत. जुलै महिना होता. घरातली मंडळी प्रवासाला गेली होती. दुपारी तीन वाजता वीज गेली. पंप थांबला, पाणी थंड करणारे यंत्र थांबले. पाणी जेवढे गरम, तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री उजेड नसल्यामुळे शैवालही प्राणवायू देत नाही. उलट मासे, प्रवाळ, जीवाणू सगळेच तो वापरत असतात. मामूंनी प्लॅस्टिकचा मग घेतला. पेटीतले पाणी काढायचे आणि हातभर उंचावरून पुन्हा पेटीत ओतायचे. असे केल्याने हवा पाण्यात मिसळते. फ्रीजमधल्या गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी बंदच पेटीत सोडल्या. नुसता बर्फ टाकला असता तर तो वितळून पाण्याचा खारटपणा कमी झाला असता. नमाजापुरते थांबायचे, पुन्हा मग हातात घ्यायचा. फजरच्या थोडे आधी वीज आली. २६ अंशांवरचे पाणी ३० अंशांवर गेले होते.

दोन मासे मेले. पुढच्या काही दिवसांत प्रवाळ पांढरे पडू लागले. ताण आला की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो आणि आतला चुना दिसू लागतो. तो लगेच मरत नाही, पण अन्न तुटल्याने उपाशी पडतो. काही आठवड्यांत तो सावरला तर ठीक. खऱ्या समुद्रात पाणी जास्त दिवस तापले की हेच होते. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली असेच पांढरे पडले होते. २०२४ मध्ये तर जगभर हे घडले. तेथे मग घेऊन कोण उभा राहणार?

त्या पेटीतले बहुतेक प्रवाळ सावरले. फांद्यांचा सर्वांत मोठा प्रवाळ मात्र गेला. मामूंना त्याचे फार वाईट वाटले, कारण तो त्यांनी बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवला होता. गुलाबाची फांदी लावतात तसाच प्रवाळाचा तुकडा दगडावर चिकटवला की वाढतो. दोन वर्षांपूर्वी मामूंनी त्याच प्रवाळाचे एक टोक कापून शहरातल्या दुसऱ्या एका घरच्या पेटीसाठी दिले होते. ही बातमी तेथे पोहोचली, तेव्हा त्या घरचा माणूस पिशवीत पाणी भरून एक तुकडा घेऊन आला. मामूंनी तो जुन्याच जागी, त्याच दगडावर बसवला आणि वहीत तारीख लिहिली.