आठवड्यात गुण देणारी ट्यूब

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाला तीन महिने असताना मेडिकलमधून एक ट्यूब आणली. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. वांग जातील, चेहरा उजळेल, एवढं दुकानदाराने सांगितलं आणि तसंच झालं. आठवड्याभरात गाल नितळ दिसू लागले, बिल्डिंगमधल्या चार जणींनी ट्यूबचं नाव विचारून घेतलं. लग्न पार पडलं, ट्यूब संपली. पाचव्या-सहाव्या दिवशी चेहरा लालबुंद झाला. चुलीपुढे बसल्यासारखी आग, उन्हात पाऊल टाकलं की टोचणी. काकूंनी दुसरी ट्यूब आणली आणि दोन दिवसांत लाली गेली. “बघ, मला ही मानवते. बंद केली म्हणूनच बिघडलं,” असं त्या मला म्हणाल्या.

चेहऱ्याच्या औषधांबद्दलचे बहुतेक गैरसमज काकूंच्या या एका वाक्यातून निघतात. ज्याचा गुण लवकर दिसतो ते औषध चांगलं, ही आपली पक्की समजूत. चेहऱ्याच्या बाबतीत ती बहुतेकदा उलटी ठरते.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. या मिश्रणाचं मूळ १९७५ सालातलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी डाग फिके करण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड एकत्र केलं. औषध म्हणून ते वाईट नाही. वांगांवर आजही डॉक्टर असं मिश्रण देतात, पण मोजके आठवडे आणि स्वतःच्या देखरेखीखाली. अमेरिकेत या जातीच्या क्रीमला मंजुरी मिळाली ती आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. आपल्याकडे तेच फेअरनेस क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावलं जातं.

मोमेटासोन हे स्टिरॉइड. स्टिरॉइड त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवतं. किती आकसवतं हीच त्याच्या ताकदीची मोजपट्टी आहे : नवं स्टिरॉइड मलम किती जोरकस हे ठरवताना ते निरोगी त्वचेवर लावून कातडी किती पांढुरकी पडते ते पाहतात. म्हणजे आरशात दिसणारी ती ‘उजळी’ हा औषधाच्या जोराचा पुरावा आहे, त्वचा सुधारल्याचा नव्हे. रोज आकसवलेल्या वाहिन्यांवरचा दाब ट्यूब बंद केल्यावर सुटतो आणि त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. दरम्यान कातडी पातळ झालेली असते, म्हणून आतली लाली सरळ बाहेर दिसते. पुढे बारीक लाल रेषा उमटतात, पुटकुळ्या येतात, कधी गालांवर लव वाढते. काकूंना जो उपाय वाटत होता तोच आजाराचं कारण होता.

“पण हीच ट्यूब पायाच्या खाजेवर लावली तेव्हा काही झालं नाही,” हा पुढचा युक्तिवाद. कातडी सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळातून ते सुमारे सहापट आणि जबड्याजवळच्या कातडीतून सुमारे तेरापट आत गेलं. गजकर्णासाठी म्हणून विकली जाणारी कित्येक मिश्रणं तर क्लोबेटासोलसारखं अतिशय जोरकस स्टिरॉइड पोटात घेऊन येतात. ती गालावर लावणं म्हणजे काय, हे या आकड्यांवरून ध्यानात यावं.

काकू एकट्या नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं, त्याचा मराठीत अर्थ ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये, घातली. कायदा आहे. काउंटरवर तो पाळला जातो का, हे काकूंच्या ट्यूबने सांगितलंच.

घरात अशी ट्यूब असेल तर घटकांच्या यादीत बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव आहे का पाहा. महिनोन्‌महिने लावत असाल तर मात्र घाबरून आजच फेकू नका. अचानक बंद केल्यावर जो भडका उडतो त्यालाच भिऊन माणसं पुन्हा ट्यूबकडे वळतात. त्वचातज्ज्ञ ती हळूहळू कमी करतात, गरज पडली तर टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात, जोडीला साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चेहरा शांत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

चेहऱ्याची प्रत्येक लाली स्टिरॉइडची नसते, हेही तितकंच खरं. रोझेशिया नावाचा एक जुनाट आजार आहे. गाल, नाक, कपाळ, हनुवटी वारंवार तापतात आणि लाल होतात, पुढे पुरळ येतं. हा फक्त गोऱ्यांचा आजार, असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. सावळ्या त्वचेवर लाली चटकन नजरेला येत नाही, म्हणून तो ओळखायचा राहून जातो. अशा वेळी रंगापेक्षा आग, टोचणी, घट्टपणा यांवर विश्वास ठेवायला हवा. घरात मात्र ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू होतात. ते खायला हरकत काहीच नाही. पण रोझेशियावर परिणामकारक ठरलेली मलमं दुसरी आहेत : मेट्रोनिडाझोल, अझेलिक अॅसिड, आयव्हरमेक्टिन. तिन्हींना धीर लागतो.

परदेशात एक झटपट मार्गही निघाला. काचबिंदूच्या थेंबांतलं ब्रिमोनिडीन २०१३ मध्ये अमेरिकेत चेहऱ्याच्या लालीसाठी जेलच्या रूपात मंजूर झालं, आणि सर्दीत नाकात घालायच्या थेंबांतलं ऑक्सिमेटाझोलीन २०१७ मध्ये क्रीम म्हणून. दोन्ही रक्तवाहिन्या आकसवतात, लाली काही तास ओसरते. ती ओसरते म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे. काहींना, विशेषतः ब्रिमोनिडीननंतर, ओसरलेली लाली दुपटीने परतल्यासारखी वाटते. नाकाचे थेंब आठवडाभर सतत घातले तर नाक आणखी चोंदतं, हे अनेकांनी अनुभवलं असेल. गालाचंही काहीसं तसंच होतं.

चहा-कॉफी सोडा, हा सल्ला तर प्रत्येकजण देतो. १९८१ मधल्या एका प्रयोगात गरम कॉफीने चेहरा लाल झाला, तसा नुसत्या गरम पाण्यानेही झाला, आणि गार कॉफीने झाला नाही. दोष उष्णतेचा होता. २०१८ मध्ये ८२ हजारांहून जास्त अमेरिकी परिचारिकांच्या माहितीतून असं दिसलं की भरपूर कॉफी पिणाऱ्यांमध्ये रोझेशियाचं प्रमाण उलट कमी होतं. चहा थोडा कोमट करून प्या, सोडायची गरज नाही.

पन्नाशीच्या आसपास पाळी जाण्याच्या काळात छातीपासून वर चढणारी वाफ ही तिसरीच गोष्ट. तिच्यावर चेहऱ्याचं कुठलंही क्रीम चालत नाही, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावं. आणि गालांवरच्या लालीबरोबर सांधे दुखत असतील, ताप येत असेल, तर ल्युपस या आजाराची शक्यता असते. तिथे क्रीमच्या नादात वेळ घालवू नये.

आता सुरकुत्या. इथे पुन्हा क्लिगमन भेटतात. १९७० च्या दशकात मुरुमांसाठी वापरात आलेलं ट्रेटिनॉइन लावणाऱ्या स्त्रियांच्या बारीक रेषाही कमी होतात, हे त्यांनी पाहिलं, अभ्यासलं, आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. लावल्यावर सुरुवातीला साल निघते, त्यामुळे ते कातडी पातळ करतं अशी भीती पसरली. सुटतो तो वरचा मृत थर. जिवंत थर जाड होतो आणि खाली कोलॅजेन हे प्रथिन वाढतं. कातडी पातळ करतं ते स्टिरॉइड. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असल्यामुळे दोष भलत्यालाच लागला. ट्रेटिनॉइन रात्री, मटारच्या दाण्याएवढं, आधी आठवड्यातून दोन-तीनदाच लावायचं. फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. गरोदरपणात आणि मूल हवं असेल त्या काळात ते टाळायचं, आणि चेहरा आधीच लाल होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

कोलॅजेनच्या क्रीमवर पैसे घालवू नका. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) एवढा, आणि त्वचेतून साधारण पाचशे डाल्टनपर्यंतचेच रेणू आत जाऊ शकतात. ते वरच राहतं आणि मॉइश्चरायझरचं काम करतं, जे स्वस्त क्रीमही करतं.

सावळ्या त्वचेला सनस्क्रीन नको, हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. मेलॅनिन संरक्षण देतं, पण पुरेसं नाही, आणि सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण काचेतूनही येतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २८ वर्षं खिडकीच्या बाजूने ऊन लागलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वार्धक्य २४ टक्के कमी दिसलं. सनस्क्रीन घेताना एसपीएफबरोबर डब्यावर पीएपुढची अधिक चिन्हंही पाहा, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो आणि पीए यूव्हीएबद्दल.

काकूंची ट्यूब सुटायला पाच महिने लागले. तुमच्या घरातल्या आरशाखाली अशी ट्यूब असेल तर तिचं मागचं बारीक छापलेलं आज वाचा, आणि स्टिरॉइडचं नाव दिसलं तर ती घेऊन त्वचातज्ज्ञांकडे जा.