विमानाच्या शेपटीवरचं चित्र वाचायचं कसं?



मागच्या लेखात ‘विषय’ आणि ‘संशोधन-प्रश्न’ यांतला फरक आपण बघितला होता. त्यावर बऱ्याच जणांचा एकच सूर होता: फरक कळला, पण प्रश्न सापडतो कुठे? म्हणून आज एक उदाहरण घेऊन बसू. उदाहरण जरा वेगळं आहे: कॅनडाच्या हवाई दलाचं प्रात्यक्षिकांसाठी रंगवलेलं लढाऊ विमान.

कॅनडाकडे सीएफ-१८ हॉर्नेट नावाची लढाऊ विमानं आहेत. एरवी ती करड्या रंगाची, नजरेत न भरणारी. पण अनेक वर्षं एअर शोच्या हंगामासाठी त्यातलं एक विमान खास रंगवलं गेलं. शेपटीचे दोन उभे पंख आणि पाठ हा त्याचा मुख्य कॅनव्हास. त्या वर्षी जे काही स्मरणात ठेवायचं ठरलं असेल, ते तिथे चितारलेलं असतं.

स्मृती आणि स्मारकं यांवर वाचताना मी या विमानांचे फोटो जमवायला लागलो. वर्षवार फोल्डर केले, छान तक्ता केला आणि सेमिनारमध्ये दाखवला. गाईड मॅडमनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, “या वर्षीचं विमान आणि गेल्या वर्षीचं विमान एकच आहे का रे?” मला उत्तर देता येईना. मी रंग बघत होतो, विमान बघितलंच नव्हतं!

पायरी पहिली: वस्तू ओळखा

रंग बदलतो, नंबर बदलत नाही. या विमानांचा अधिकृत प्रकार सीएफ-१८८, आणि प्रत्येकाला सहा आकडी क्रमांक. एका आसनाची विमानं १८८७०१ पासून पुढे, दोन आसनांची १८८९०१ पासून पुढे. कॅनडाने एकूण १३८ विमानं घेतली, त्यातली ९८ एका आसनाची आणि ४० दोन आसनांची. १९८२ मध्ये ती यायला लागली. क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे नाकाजवळ लिहिलेले असतात. फोटोत ते दिसले की हे कुठलं विमान, याचा पत्ता लागतो. नेहमी तेच विमान रंगवतात असं गृहीत धरू नका, हाच माझा पहिला धडा.

तुमचा विषय ताम्रपट असो, जुनी वही असो किंवा सिनेमाचं पोस्टर, आधी वस्तूची ओळख पक्की करा. अर्थ नंतर.

पायरी दुसरी: प्रत्येक रंग ‘बोलतो’ असं समजू नका

सीएफ-१८च्या पोटाखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, गडद रंगात खोटं कॉकपिट रंगवलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, यातही काहीतरी प्रतीक असणार. तसं काही नाही. विमान तिरकं वळलं की समोरच्या वैमानिकाला त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे चटकन कळू नये, एवढाच हेतू. कीथ फेरिस या अमेरिकी विमान-चित्रकाराची ही कल्पना, कॅनडाने ती उचलली.

म्हणजे एकाच विमानावर दोन जातींचं रंगकाम आहे: एक फसवण्यासाठी, दुसरं नजर खेचण्यासाठी. दोन्हींना एकाच पद्धतीने वाचायला गेलात तर गोंधळ होणारच.

पायरी तिसरी: तक्ता करा आणि आपलंच म्हणणं तपासा

माझं सुरुवातीचं गृहीतक सोपं होतं: लढाऊ विमान आहे, तेव्हा चित्रात युद्धाचाच गौरव असणार. आता ही यादी बघा.

२००९: निळा-सोनेरी रंग, कॅनडातल्या विमानोड्डाणाची १०० वर्षं. (२३ फेब्रुवारी १९०९ रोजी नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक इथे जे. ए. डी. मॅकर्डी यांनी गोठलेल्या तळ्यावरून ‘सिल्व्हर डार्ट’ उडवलं.)
२०१५: तपकिरी-हिरवा कॅमोफ्लाज, बॅटल ऑफ ब्रिटनची ७५ वर्षं.
२०१६: पिवळा रंग, राष्ट्रकुल वैमानिक प्रशिक्षण योजना.
२०१७: लाल-पांढरा रंग, कॅनडाची १५० वर्षं.
२०१८: अमेरिका आणि कॅनडा यांच्या ‘नोरॅड’ या संयुक्त हवाई संरक्षण व्यवस्थेची ६० वर्षं.
२०१९: नॉर्मंडीतल्या डी-डेची ७५ वर्षं.

सहापैकी थेट लढाई दोनच वर्षांत. प्रशिक्षण योजना युद्धकाळातली, म्हणून ती धरली तरी तीन. गृहीतक पडलं. वाईट वाटून घेऊ नका; गृहीतक पडणं म्हणजे काम पुढे सरकणं.

मग सगळ्यांत सारखं काय? गोल आकड्यांचे वर्धापन दिन. १००, ७५, १५०, ६०, ७५. ही सवयही जुनी आहे. १९५९ मध्ये याच पहिल्या उड्डाणाच्या ५० वर्षांसाठी हवाई दलाने ‘गोल्डन हॉक्स’ नावाचा सोनेरी सेबर विमानांचा चमू उभा केला होता. १९०९, १९५९, २००९ अशी सरळ साखळी लागते.

पण थांबा. २०१६ तेवढं बसत नाही. प्रशिक्षण योजनेच्या करारावर १७ डिसेंबर १९३९ रोजी सह्या झाल्या आणि प्रत्यक्ष वर्ग २९ एप्रिल १९४० रोजी सुरू झाले. २०१६ मधून १९४० वजा केले तर उरतात ७६. गोल आकडा नाही!

मंडळी, प्रश्न सापडतो तो इथे. नियम दिसतो तिथे नाही, नियम मोडतो तिथे. एक शक्यता अशी की १९४० मध्ये दोन्ही गोष्टी घडल्या, २०१५ चं विमान लढाईच्या वाट्याला गेलं आणि योजनेला पुढच्या वर्षी जागा मिळाली. ही शक्यता आहे, निष्कर्ष नव्हे. ती तपासायची तर हवाई दलाची त्या दोन वर्षांतली निवेदनं, त्यांच्या तारखा आणि त्यांतला शब्द न् शब्द बघावा लागेल. ‘विषय’ होता रंगवलेलं विमान. ‘प्रश्न’ झाला: एका वर्षात दोन स्मरणं आली तर आधी मान कोणाला मिळतो, आणि तो कोण ठरवतं?

पायरी चौथी: नावाचाही पुरावा असतो

सीएफ-१८ मधलं ‘सीएफ’ म्हणजे कॅनेडियन फोर्सेस. १९६८ मध्ये कॅनडाने भूदल, नौदल आणि हवाई दल एकत्र केलं, तेव्हा ‘रॉयल कॅनेडियन एअर फोर्स’ हे १९२४ पासूनचं नाव गेलं. २०११ मध्ये ते परत आलं. विमानांच्या नावातलं ‘सीएफ’ मात्र राहिलं. म्हणजे शेपटीवरचं चित्र १९४० बद्दल बोलतं आणि विमानाचं नाव १९६८ बद्दल. एकाच वस्तूवर दोन काळ!

नाव नेहमी वरूनच येतं असंही नाही. कॅनडाच्या प्रसिद्ध ‘स्नोबर्ड्स’ चमूचं नाव १९७१ मध्ये मूस जॉ तळावरच्या शाळेतल्या मुलांच्या स्पर्धेतून निवडलं गेलं. तेव्हा नाव दिसलं की विचारा: हे कोणी ठेवलं?

आता याच प्रशिक्षण योजनेच्या एका बिरुदाची गंमत सांगतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॅनडाला ‘लोकशाहीचा विमानतळ’ म्हटलं, हे वाक्य जिथे तिथे दिसतं. पण ज्या पत्रात ते आलं, त्याचा मसुदा लिहिला होता वॉशिंग्टनमधल्या एका कॅनेडियन अधिकाऱ्याने, लेस्टर पिअर्सन यांनी! हेच पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. म्हणजे शेजाऱ्याने केलेलं कौतुक आपल्याच माणसाने लिहून दिलं होतं. अवतरणाखाली सही कोणाची आहे, हे सगळेच बघतात. मसुदा कोणाचा आहे, हे संशोधकाने बघायचं.

पायरी पाचवी: चित्रात काय नाही?

२०१६ चा पिवळा रंग उगाच नाही. योजनेतली शिकाऊ विमानं पिवळी असायची, लांबून दिसावीत म्हणून. योजनेतून १ लाख ३१ हजारांहून अधिक हवाई सैनिक तयार झाले: वैमानिक, दिशादर्शक, बाँब टाकणारे, वायरलेसवाले, तोफची. अभिमान वाटावा असंच हे काम.

पण युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅनडाच्या हवाई दलात भरती होण्यासाठी युरोपीय वंशाचं असण्याची अट होती. युद्ध चालू असतानाच ती मागे घेतली गेली. तोपर्यंत कितीतरी इच्छुक तरुण दारातूनच परत गेले असतील. शेपटीच्या पंखावर ही अट मावत नाही. ती चित्रकाराची चूक आहे असं मी म्हणत नाही. स्मारकं अशीच असतात. पण आपण फक्त स्मारक बघून इतिहास लिहिला, तर ती आपली चूक.

आणखी एक गोष्ट रंगाखाली झाकली जाते. हे शोभेचं विमान नाही, खरं लढाऊ यंत्र आहे. २३ जुलै २०१० रोजी अल्बर्टातल्या लेथब्रिज विमानतळावर प्रात्यक्षिकाचा सराव चालू होता. कमी उंचीवर, कमी वेगात उजव्या इंजिनाने दगा दिला. विमान कोसळण्याच्या काही क्षण आधी वैमानिक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. या घटनेची माहिती रंगरूपाच्या निवेदनात मिळणार नाही, ती अपघाताच्या चौकशी अहवालात मिळते. एकाच वस्तूबद्दल दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून एका प्रकारच्या साधनावर कधीच विसंबू नका.

घरचा अभ्यास

तुमच्या विषयातली एकच वस्तू निवडा. एका पानावर पाच ओळी लिहा: तिची पक्की ओळख कशी पटवाल, तिच्यावरचं काय निव्वळ कामापुरतं आहे, तशाच इतर वस्तूंत कुठला नियम दिसतो, तो कुठे मोडतो, आणि तिच्यावर काय नाही. चौथ्या ओळीशी अडलात तर खुशाल अडा. मी तिथे दोन महिने अडलो होतो, आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथूनच सुरू झालं.